चहा गरम ठेवणारा मग

हेमराजभाऊंचं तोंड शेवटी एक बोट उघडायचं. डॉक्टर लोक हे बोटांनीच मोजतात. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. खर्रा खाणाऱ्याचं आधी तिसरं बोट अडतं, मग दुसरं. भाऊ दोन बोटांवर होते तेव्हा म्हणायचे, "अजून दोन हायेत ना बाप्पा, घास जाते." एका बोटावर आले तेव्हा असं काही म्हणणंच बंद झालं.

वरठीला रेल्वे स्टेशनाबाहेर त्यांचा पानठेला होता. अठ्ठावीस वर्षं चालवला. समोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे; पूर्वी तिथे माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे मी विशीत असल्यापासून भाऊंना रोज बघत आलो. पानठेला हे नुसतं नाव. पान तिथे क्वचितच कोणी मागायचं. खपायचा तो खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर घोटायचा, चांगला एकजीव झाला की पन्नीला गाठ मारून द्यायचा. सकाळच्या पाळीला कारखान्यात निघालेले लोक मोटरसायकल चालूच ठेवून, सायकलवाले एक पाय टेकवून, नुसता हात पुढे करायचे. कोणाला चुना कमी लागतो, कोणाला तंबाखू कडक लागते, हे भाऊंना विचारावं लागत नसे. हातापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं. कोणती गाडी उशिरा आहे, कोणाच्या पोरीचं लग्न कुठे जमलं, आंधळगावच्या बाजारात वांगी काय भावानं गेली, हे सगळं ठेल्यावर कळायचं. लोक खर्ऱ्यासाठी यायचे आणि बोलण्यासाठी थांबायचे.

आणि चहा. बाजूच्या टपरीवरून दिवसातून आठ-दहा वेळा यायचा. कप ओठाला लावला की एका दमात रिकामा. आपल्याला जीभ भाजते, त्यांना भाजत नसे. "चाय थंडी करून प्यावं तं मंग सरबतच प्यावं ना," असं म्हणायचे. त्या उकळत्या चहाचा त्यांना थोडा गर्वच होता.

त्यांच्या बायकोचं नाव शकुन. आम्ही शकुनवैनी म्हणायचो. माहेर आंधळगावचं. आई लवकर गेली, तेव्हा धाकटा भाऊ भुपेंद्र पाच वर्षांचा होता. वैनी चौदा-पंधरा वर्षांची. तिनेच त्याला वाढवला. लग्न होऊन ती वरठीला आली तेव्हा भुपेंद्र तिच्यामागे रस्त्यापर्यंत पळत आला होता, असं ती सांगायची. पुढे वीस वर्षांचा झाल्यावर त्याला इथल्या कारखान्यात काम लागलं आणि तो बहिणीकडेच राहायला आला. माझ्याच वयाचा. हसरा, लाजाळू. सुपारीचंही व्यसन नव्हतं.

त्याची पहिली रातपाळी लागली, त्या दिवशी संध्याकाळी तो ठेल्यावर डबा घ्यायला आला. डबा घेऊन वैनी आली होती. मीही तिथेच उभा होतो. भाऊंनी खर्रा घोटला, पन्नी सोडली आणि चिमूटभर त्याच्यापुढे धरला.

"घे साळेभाऊ. रातच्यानं झोप नाही लागत यानं."

"मी नाही खात, भाऊजी."

"अबे घे ना. का लेकरू हायेस?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा म्हटलं, "घे बे, एकानं का होते." वैनी म्हणाली, "काहून त्याले लावता जी?" पण तिच्या आवाजात तेव्हा भांडण नव्हतं, नुसती कुरकुर होती. भुपेंद्रने तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि चिमूट तोंडात टाकली. त्याला ठसका लागला. पुन्हा आम्ही हसलो.

त्यानंतर तो रोज भाऊंच्याच हातचा खर्रा खायचा. मेहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून भाऊ त्याला तसाच द्यायचे. लग्न झालं, कामिनी घरात आली, रिता झाली, तरी कामावर जाताना ठेल्यावर थांबणं चुकलं नाही.

बावीस वर्षांनी त्याच्या गालाला आतून फोड आला. तो बसेना. नागपूरला नेलं, अर्धा जबडा काढला, पुढे गळ्यात गाठी आल्या. शेवटचे चार महिने तो आंधळगावला आपल्या घरी होता. शकुनवैनी तिथेच राहिली. नळीतून पेज घालायची. तोंडाला वास यायचा म्हणून शेजारपाजारचे दारातून बोलून जायचे. ती त्याच्या उशाशी जेवायची.

त्याच्या तेरवीला आम्ही सगळे गेलो होतो. आंगणात मांडव होता, पंगती उठल्या होत्या, माणसं सावलीला बसली होती. भाऊ मधोमध होते. खूप रडले होते, डोळे सुजलेले. वैनी आतून आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "एक गोष्ट पुसतो सगळ्यायले. भुपेंद्रनं पयला खर्रा कोणाच्या हातचा खाल्ला?"

ती भाऊंकडे बघत होती.

भाऊ म्हणाले, "आता थे कोणाले आठवते? पोट्टे कुठंबी शिकतेत."

तिने मान वळवली. "मनिष, तू तं होता ना तिथं?"

मला त्या दिवशीचा डबासुद्धा आठवत होता, पितळी कडीचा. मी म्हटलं, "मले बी नाही आठवत, वैनी."

तिने मान हलवली, जसं काही तिला तेवढंच हवं होतं, आणि आत गेली. मी घरी येऊन खर्ऱ्याची पन्नी नालीत फेकली आणि पुन्हा खाल्ला नाही. चांगलं काम केलं असं मला तेव्हा वाटलं होतं. भाऊंनी सोळाव्या दिवशी ठेला उघडला. फळीसमोर बसले आणि घोटायला लागले. स्वतःही खात राहिले.

दोन वर्षांत त्यांचं तोंड मिटत गेलं. आधी तिखट लागेना, गालाला आग व्हायची. मग भाकरी सुटली. मग बोलणं जड झालं, तोंडात कोणी बोळा कोंबल्यासारखं. नागपूरच्या डॉक्टरने तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, आतली कातडी आखडून दोरीसारखी झाली होती. खर्रा सोडा, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून रोज एकेक काडी वाढवत जा, असं सांगितलं. खर्रा सुटला, कारण तो आत जाईना. ठेला विकावा लागला. ज्याला बोलता येत नाही त्याच्या ठेल्यावर थांबणार कोण? काड्या महिनाभर धरल्या, दुखतात म्हणून त्याही सोडल्या.

उरला चहा. त्याचं मात्र मोठं कठीण झालं. गरम चहाचा थेंब गालाला लागला की भाऊ डोळे मिटून भिंत धरायचे. थंड चहा घशाखाली उतरत नसे. उतरला तरी त्यांचं मन मानत नसे. सरबताच्या नळीसारख्या बारक्या पाइपने एकेक घोट घ्यायचा, तो गिळायला वेळ. एक कप संपायला पाऊण तास. भाजत नाही आणि थंडही नाही असा चहा कपात चार-पाच मिनिटं राहतो, हिवाळ्यात तर तेवढाही नाही. त्यामुळे दर पाच मिनिटांनी कप आत जायचा. शकुनवैनी तो गंजात, छोट्या पातेल्यात, ओतायची, गॅस पेटवायची, बोट बुडवून बघायची, आणून ठेवायची. एका कपाला सात-आठ वेळा. दिवसातून तीन कप.

ती कधी कुरकुरली नाही. पण बोलायचीही नाही. भाऊ कप पुढे सरकवायचे, ती उचलायची. पुन्हा आणायची, ठेवायची. मी संध्याकाळी तिथे बसायचो. त्या घरात सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो गॅसचा लायटर.

त्यांची मुलगी साधना पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. रविवारी व्हिडिओ कॉल करायची. त्या अर्ध्या तासात तिला आई सारखी उठताना दिसायची. एकदा तिने विचारलं, "आई, तू एका जागी बसत काहून नाहीस?" वैनी म्हणाली, "तुह्या बाबाची चाय." एवढंच.

दिवाळीनंतर दहा दिवसांनी कुरिअर आलं आणि भाऊंनी मला बोलावून घेतलं. जाड पुठ्ठ्याचा खोका, आत काळा मग, खाली त्याची गोल चार्जिंगची बशी. साधनाने मला आधीच फोन करून ठेवला होता. "मनिषकाका, ॲप तुम्हीच टाकून द्या. माझ्या ऑफिसात एकीजवळ आहे. टेंपरेचर ठरवून दिलं की चहा तेवढाच राहतो. आईचं उठणं तरी वाचंल."

भाऊंनी मग हातात घेऊन उलटासुलटा केला. त्यांच्या जड बोलण्यात म्हणाले, "एवढ्याशा गिलासाले मोबाइल लागते?"

"एकदा लावून देतो. मंग तुमाले फक्त बशीवर ठेवा लागंल."

ॲपमध्ये पंचेचाळीस ते पासष्ट अंशांपर्यंत होतं. आम्ही पन्नासवर सुरुवात केली, ते भाजलं. अठ्ठेचाळीस भाजलं. सेहेचाळीसवर भाऊंनी पाइपने घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. माझ्याकडे बघून मान डोलावली. मगाच्या बुडाशी बारका दिवा पांढरा लागलेला होता. दहा मिनिटांनी चहा तेवढाच. वीस मिनिटांनीही तेवढाच. पाऊण तासाने त्यांनी शेवटचा घोट ओढला, तोही निवलेला नव्हता. तोंड मिटल्यापासून पहिल्यांदा अख्खा कप वैनीला उठावं न लागता संपला. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वैनी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होती. मग तिने मला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"किती वेळ गरम राह्यते?"

"बशीवर ठेवला तं दिवसभर. उचलून नेला तं सव्वा तास."

"आन् लाइन गेली तं?"

"सव्वा तास चालंल. तोवर येते लाइन."

"धुवाचं कसं?"

"आतून हातानं, कापडानं. तारेच्या घासणीनं नाही. बुडाले पाणी नाही लागू द्याचं."

"तेयले एकट्याले जमंल? मी नसली तं?"

"जमंल ना. काई कठीण नाही."

मला वाटलं, तिला काळजी आहे. मी तर तिला चिडवलं, "आता वैनीले सुट्टी." ती हसली नाही.

त्या मगाची बातमी गल्लीत पसरली. लोक बघायला आले, मग माझ्या दुकानावर विचारायला लागले. असा मग घ्यावा का? पोराला आणायला सांगू का? मी खरं ते सांगायचो. आपण पाच मिनिटांत कप रिकामा करणारी माणसं, आपल्याला त्याचा उपयोग काय? शिवाय तो बिनदुधाच्या कॉफीसाठी बनवलेला. आपला दूध-साखरेचा, अद्रक टाकलेला चहा तासभर गरम ठेवला की वर साय धरते, खाली तुरट लागतो, आणि भाऊंच्या पाइपात तर ती साय अडकायची. थंड झालेला चहाही तो धड गरम करत नाही, गरम घातलेला तेवढा राखतो. एवढ्या पैशांत चांगला थर्मास येतो, तो घ्या. ज्याचं तोंड एक बोट उघडतं त्याने मात्र घ्यावा. हे शेवटचं वाक्य मी कोणाला ऐकवत नसे. विचारणाऱ्यांच्या गालात बहुधा खर्राच असायचा.

सायीवर वैनीनेच उपाय काढला. दूध कमी केलं, चहा दोनदा गाळला, अद्रक किसण्याऐवजी ठेचून टाकून काढून घेतलं. मग तिने एक थर्मास आणला. सकाळी त्यात चहा भरून ठेवायची आणि भाऊंना सांगायची, "स्वताच्या हातानं ओता." सुरुवातीला सांडायचा. ती फडकं द्यायची, पुसू नाही लागायची. पुढे एक दिवस मी गेलो तर भाऊ गॅससमोर उभे आणि वैनी बाजूला.

"पाणी अर्धा गिलास. आता पत्ती. नाही, उकळू द्या पयले."

दुसऱ्या आठवड्यात कुकर. तांदूळ जास्त पाण्यात, सात शिट्ट्या, मग रवीने घोटून पातळ. औषधाच्या गोळ्यांवर तिने खुणा केल्या, सकाळची लाल, रातची निळी. माझ्याकडून मोठ्या अक्षरात एक कागद लिहून घेतला: मग कसा लावायचा, कसा पुसायचा, दिवा लाल झाला तर काय करायचं. तो बशीच्या वर भिंतीला चिकटवला. भाऊ मला म्हणाले, "तुही वैनी मास्तरीण झाली." त्यांना बरं वाटत होतं. तीन वर्षांनी ती त्यांच्याशी एवढी वाक्यं बोलत होती. मीही साधनाला फोनवर सांगितलं की तुझ्या मगानं घरात बोलणं परत आणलं.

फेब्रुवारीत रिताची बारावीची परीक्षा होती. कामिनी लोकांच्या धानाच्या बांधीत कामाला जायची, पोरीला बघायला कोणी नव्हतं. परीक्षा होईपर्यंत जाते म्हणून शकुनवैनी आंधळगावला गेली. एक पिशवी घेऊन गेली. परीक्षा संपली. मार्च संपला. भाऊ फोन करायचे, पण फोनवर त्यांचं बोलणं अजिबात समजत नसे. ती तिकडून विचारायची, "चाय जमते ना? कुकर जमते ना?" हो म्हटलं की ठेवून द्यायची. एप्रिलमध्ये भाऊंनी मला म्हटलं, "जाऊन पाह्य."

मी मोटरसायकलने गेलो. मोहाडी ओलांडली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. वैनी ओसरीत मोहफुलं निवडत बसली होती. कामिनी कामावर होती, रिता घरात होती. वैनीने मला पाणी दिलं.

"घ्याले आला का मले?"

"भाऊ वाट पाहून राहिले."

"काहून? मग बिघडला का?"

"मग चांगला हाय."

"मंग?"

मी म्हटलं, "घर हाय ना वैनी तुमचं."

तिने निवडायचं थांबवलं नाही. म्हणाली, "मनिष, मी इतके साल काहून राहिली, मालूम हाय? त्यायची चाय कोण गरम करंल म्हणून. दुसरं काई नव्हतं. मनात म्हणो, हा माणूस उपाशी मरंल तं पाप मले लागंल. आता थे यंत्र करून राहिलं. पाप गेलं, मी बी आली."

"त्यायनं मुद्दाम थोडीच केलं वैनी? तवा कोणाले मालूम होतं?"

"मी कुठं म्हणतो मुद्दाम केलं? मी बी तं होती तिथं. मी बी हात नाही धरला त्याचा." तिने एक काडी वेचून बाजूला टाकली. "तेरवीले त्यायनं एवढंच म्हटलं असतं, हो, मीच देल्ला, तं मी जनमभर चाय गरम केली असती. शंभर खेपा केली असती. पण म्हणे, कोणाले आठवते. माहा भाऊ गेला आन् यायले आठवत नाही!"

मग तिने वर पाहिलं. "तुले तं आठवते का आता?"

"आठवते," मी म्हटलं.

"असं," ती म्हणाली आणि पुन्हा फुलं निवडू लागली.

येताना मी ठरवलं होतं की भाऊंना काहीतरी गोड सांगायचं. पण घरी त्यांनी माझ्यासमोर पाट सरकवला आणि तोंडाकडे बघत बसले, तेव्हा मला तेही जमलं नाही. सगळं सांगितलं. एकदा आम्ही दोघांनी "आठवत नाही" म्हटलं होतं, आता पुन्हा काय लपवायचं? भाऊ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले घेऊन चाल. मी सांगतो. सगळ्यायसमोर सांगतो."

पण त्यांना धीर यायला महिना गेला. रोज म्हणायचे, उद्या. मे महिन्यात एका सकाळी ते धुतलेला पायजमा-सदरा घालून माझ्या दुकानाच्या शटरसमोर उभे राहिले. मी गाडी काढली. रस्ताभर ते माझ्या पाठीमागे काहीतरी पुटपुटत होते. मोहाडीजवळ लक्षात आलं, ते वाक्य घोकत होते. 'पयला खर्रा मीच देल्ला.'

आम्ही पोचलो तेव्हा कामिनीच्या आंगणात चार-पाच माणसं होती. तुलाराम नावाचे भुपेंद्रचे चुलते, शेजारच्या मंगलाबाई, आणखी दोघं; शेतीच्या पाण्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं. भाऊंना बघून सगळे उठले. कामिनीने डोक्यावर पदर घेतला. "या भाऊजी," म्हणाली. रिता खुर्ची घेऊन आली. शकुनवैनी चुलीपाशी होती. ती दारात येऊन उभी राहिली.

भाऊ खुर्चीवर बसले नाहीत. उभं राहून त्यांनी हात जोडले आणि बोलले.

मला सगळं समजलं, कारण मी वाक्य आधी ऐकलं होतं आणि त्यांच्या बोलण्याची मला सवय होती. बाकी कोणालाच कळलं नाही. प्रवासाने तोंड सुकलं होतं. नुसता घोगरा आवाज निघाला. तुलारामबुवा पुढे झुकले. "का म्हणता?" भाऊंनी पुन्हा म्हटलं, जोर लावून. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मंगलाबाईंनी अरेरे केलं. रिताने आपल्या आत्याकडे वळून विचारलं, "आत्या, मामाजी का म्हणून राहिले?"

शकुनवैनीला समजलं होतं. मी तिच्याकडेच बघत होतो. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ती सांगेल. आता सुटेल हे सगळं.

ती म्हणाली, "चाय मांगून राहिले."

"हो का? आत्ता मांडतो," म्हणून कामिनी लगबगीने आत गेली. भाऊंनी वैनीकडे पाहिलं. वैनीनेही नजर हटवली नाही. मग भाऊ माझ्याकडे वळले. मी सांगू शकलो असतो. दोन शब्दांचं काम होतं. पण रिता समोर उभी होती, बापासारखीच हसरी, मामाजींना बसायला म्हणून खुर्ची धरून. त्या पोरीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? माझी जीभ पुन्हा उचलली नाही.

भाऊ खुर्चीवर बसले. चहा आला, स्टीलच्या कपात, वाफाळता, दाट दुधाचा. पाहुण्यांसाठी करतात तसा. पाइप त्या घरात नव्हता. भाऊंनी कप दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. पाण्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं. वैनी आत निघून गेली ती बाहेर आली नाही. साय धरली, चहा निवला, आम्ही उठलो. परत येताना वरठीचं फाटक बंद होतं, मालगाडी जाईपर्यंत आम्ही उन्हात उभे राहिलो.

साधना पावसाळ्यात चार दिवसांची रजा काढून आली. दोन दिवस आंधळगावला राहिली, मग इकडे आली. बापासाठी तिने चहा केला, मगात ओतला, दिवा बघितला. संध्याकाळी दुकानावर येऊन मला म्हणाली, "काका, आई परत येत नाही म्हणते. कारण विचारलं तं म्हणते, मनिषले विचार."

मी तिला सगळं सांगितलं. त्या संध्याकाळचा डबा, तेरवी, आंगणातला चहा. माझा वाटाही सांगितला. ती काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत ऐकत होती.

"म्हणजे मी मग पाठवला नसता तर आई राहिली असती?"

"राहिली असती."

"तशीच? गप्प?"

"तशीच."

तिने काचेवरचं बोट उचललं. म्हणाली, "मी तिला आराम पाठवत होते, काका." आणि रस्ता ओलांडून घराकडे गेली.

भाऊंना तिने पुण्याला चला म्हटलं, ते गेले नाहीत. शकुनवैनी आंधळगावलाच आहे. कामिनीबरोबर कामाला जाते. रिताने मोहाडीच्या कॉलेजात नाव घातलं. भाऊ सकाळी सहाला उठतात, अर्धा गिलास पाणी ठेवतात, पत्ती टाकतात, दोनदा गाळतात. कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजतात. मी संध्याकाळी जाऊन बसतो. चहा सेहेचाळीस अंशांवर असतो आणि कोणालाही उठावं लागत नाही.